खाल्डियन : नाव आणि गाव

नोव्हेंबर २०२४ मध्ये इराकने आपल्या प्रजेची शिरगणती केली. १९८७ नंतर संपूर्ण देशाची अशी मोजदाद झालीच नव्हती. १९९७ च्या मोजणीतून उत्तरेचे कुर्दी प्रांत वगळावे लागले होते. या वेळी गणकांच्या हाती जी प्रश्नावली होती तिच्यात धर्माचा रकाना होता, पंथाचा व वंशाचा मात्र नव्हता. यामागचे कारण उघड आहे. किर्कुकच्या तेलावर आणि जमिनीवर अरब, कुर्द व तुर्कमान हे तिघेही हक्क सांगतात. तेथे घरोघर जाऊन ‘तुम्ही कोण?’ असे सरकारी माणसाने विचारणे म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात काडी ओढण्यासारखेच होते. राज्यकर्त्यांनी शहाणपणा केला, असे म्हणता येईल. तथापि याच देशात एक लहानसा समाज असा आहे की, सरकारी कागदावर आपले नाव काय लागणार या प्रश्नाशी त्याचे बरेवाईट कायम निगडित राहिले आहे. हा समाज म्हणजे खाल्डियन ख्रिस्ती. १९७७ च्या शिरगणतीत ‘अरब’ किंवा ‘कुर्द’ यांपैकी एक लिहा, असे त्यांना बजावण्यात आले. २००५ च्या राज्यघटनेच्या १२५ व्या कलमात त्यांचे नाव तुर्कमान आणि असीरियन यांच्या बरोबरीने स्वच्छ अक्षरांत आले. आणि २०२४ मध्ये तो रकानाच नाहीसा झाला. पण तोपर्यंत ते नाव लावणारी बहुसंख्य माणसे देश सोडून गेली होती.

मराठी वाचकाला हे नाव अगदीच अपरिचित आहे असे नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या गौरवार्थ १९१७ साली जो निबंधसंग्रह निघाला, त्यात लोकमान्य टिळकांचा खाल्डियन व भारतीय वेदांची तुलना करणारा निबंध आहे. अथर्ववेदातील सर्पविषावरील मंत्रांत येणारे ‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’ हे दुर्बोध शब्द मूळचे युफ्रेटिस-काठचे असावेत, असे टिळकांनी त्यात प्रतिपादन केले होते. हे मत पुढे कितपत टिकले हा वेगळा विषय. येथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की, टिळकांच्या काळी ‘खाल्डियन’ या शब्दाचे पांघरूण फार मोठे होते; आज ज्यांना सुमेरी, अक्कादी, बाबिलोनी अशी वेगवेगळी नावे आहेत ते सारे त्याखाली सुखाने नांदत होते. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हेच लोक ‘खास्दी’ म्हणून ठाऊक आहेत. एका शब्दाने तीन हजार वर्षांत किती वेगवेगळ्या माणसांना कवेत घेतले, हे पाहिले की, आजचा खाल्डियन कोणाचा वंशज, या वादात किती शिरायचे ते कळू लागते.

इतिहासात खाल्डियन प्रथम दिसतात ते शत्रूच्या कागदपत्रांत. इ. स. पू. नवव्या शतकातील असीरियन राजांच्या लेखांत ‘काल्दू’ नावाच्या भूमीचा उल्लेख येतो. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे पसरतात, त्या दलदलीच्या आणि बोरूच्या बेटांच्या प्रदेशात या टोळ्या राहत. प्रत्येक टोळी स्वतःला एखाद्या पूर्वजाचे ‘घर’ म्हणवीत असे : बित-याकिन, बित-दक्कुरी, बित-अमुकानी. खजुराच्या बागा, गुरे आणि आखातातून येणारा व्यापार हे त्यांचे बळ होते. त्याहून मोठे बळ म्हणजे कोणत्याही शिस्तबद्ध सैन्याचे पाय रुतवणारा त्यांचा चिखल. बित-याकिनचा सरदार मर्दुक-अपल-इद्दिना, जो बायबलमध्ये मरोदख-बलदान या नावाने भेटतो, त्याने इ. स. पू. ७२१ मध्ये बाबिलोनचे सिंहासन बळकावले, ते दहा-बारा वर्षे टिकवले, गमावले, पुन्हा काही महिने मिळवले आणि अखेर आपल्या देवांच्या मूर्ती नावेत घालून आखातापलीकडे एलामच्या किनाऱ्यावर पळून गेला. असीरियाचा राजा सेनाखेरीब याने त्याच्या मुलखाची जी धूळधाण केली, तिचा हिशेब राजाने स्वतःच नोंदवून ठेवला आहे : एकाच मोहिमेत २,०८,००० माणसे उचलून नेली. राजांचे आकडे फुगवलेले असतात हे गृहीत धरले, तरी दक्षिणेतील माणसे उत्तरेला नेऊन वसवणे हा असीरियाचा नित्याचा राज्यकारभार होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इ. स. पू. ६२६ मध्ये नबोपोलस्सर बाबिलोनच्या गादीवर आला, इ. स. पू. ६१२ मध्ये त्याने मेदांच्या साहाय्याने निनेवे धुळीला मिळवले. त्याचा मुलगा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम उद्ध्वस्त करून यहुद्यांना बंदिवासात नेले आणि बाबिलोनला तटबंदी, मंदिरे व वेशींनी सजवले. परंपरा या घराण्याला खाल्डियन म्हणते. संशोधक त्याबाबत आता पूर्वीइतके ठाम नाहीत. शिवाय हे वैभव जेमतेम ८७ वर्षांचे. इ. स. पू. ५३९ मध्ये इराणचा सायरस बाबिलोनमध्ये शिरला आणि खाल्डियन नावाची राजकीय सत्ता कायमची संपली.

सत्ता संपली, पण कारकून आणि ज्योतिषी यांचे काम संपले नाही. बाबिलोनच्या मंदिरांत आकाशाची रोजनिशी ठेवण्याची प्रथा होती. तिच्यातील उपलब्ध मातीच्या विटा इ. स. पू. सातव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या शतकापर्यंत पसरल्या आहेत. चंद्र कोठे उगवला, गुरू कोणत्या ताऱ्याजवळ होता, ग्रहण केव्हा लागले, हे तर त्यांत आहेच. पण त्याच विटेवर युफ्रेटिसची पातळी किती चढली आणि एक शेकेल चांदीला त्या महिन्यात जव, खजूर, तीळ आणि लोकर किती मिळत होती, याचीही नोंद आहे. राजे आले, गेले. अलेक्झांडर आला, मेला. आणि कोणी अनाम लेखनिक जवाचा भाव टिपत राहिला. जगात बाजारभावांची इतकी दीर्घ आणि सलग म्हणता येईल अशी दुसरी प्राचीन नोंद सापडत नाही, आणि आज अर्थशास्त्राचे अभ्यासक तिच्यावरून दुष्काळ आणि युद्ध यांचा धान्यावर होणारा परिणाम मोजतात. ग्रहांवरून भाव सांगता येतील या समजुतीने हा उद्योग सुरू झाला असावा. समजूत खोटी ठरली, नोंदी खऱ्या राहिल्या. सरकारी दफ्तरांच्या बाबतीत असे अनेकदा घडते.

ग्रीकांनी आणि रोमनांनी या लेखनिकांनाच ‘खाल्डियन’ म्हणायला सुरुवात केली. अशा रीतीने एका जमातीचे नाव एका धंद्याचे नाव झाले. इ. स. पू. १३९ मध्ये रोमच्या अधिकाऱ्यांनी ‘खाल्डियनां’ना शहराबाहेर काढले, तेव्हा हद्दपार झालेल्यांत दलदलीतून आलेला एखादा तरी असेल की नाही याची शंकाच आहे. मूळ टोळ्या मात्र तोवर अरेमाइक बोलणाऱ्या सर्वसाधारण लोकसंख्येत विरून गेल्या होत्या. वेगळी जमात म्हणून त्यांचा मागमूस यापुढे लागत नाही.

आजचे खाल्डियन इतिहासात दिसतात ते पुष्कळ उत्तरेला, मोसुलच्या आसपासच्या निनेवेच्या मैदानात आणि त्यामागच्या डोंगरांत. टेलकैफ, अल्कोश, बत्नाया, तेलस्कुफ ही त्यांची गावे. अरेमाइकचीच एक बोली, जिला ते ‘सुरेथ’ म्हणतात, ती त्यांची मातृभाषा. त्यांचे पूर्वज पूर्वेकडील त्या पुरातन ख्रिस्ती धर्मपीठाचे अनुयायी होते की, जे इराणच्या सासानी सम्राटांच्या राज्यात टेसिफॉन येथे नांदत होते आणि रोमन साम्राज्यातील चर्चहून वेगळे झाले होते. नेस्टोरियन हे नाव त्यांना विरोधकांनी दिले. या धर्मपीठाचा विस्तार विलक्षण होता. चीनमध्ये त्याचा ७८१ सालचा शिलालेख आहे. आणि सहाव्या शतकातील कॉस्मस नावाचा प्रवासी ‘कल्लियाना’ या भारतीय बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवतो. ते बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खलिफांच्या बगदादमध्ये या समाजाने वैद्य आणि भाषांतरकार पुरवले. ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इस्हाक याच पंथाचा. जिझिया भरून, दुय्यम नागरिकत्व पत्करून, पण अंगच्या विद्येवर दरबारात मान मिळवून हा समाज काही शतके उभा राहिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूरच्या स्वाऱ्यांनी त्याचे कंबरडे मोडले आणि जे उरले ते डोंगरांच्या आश्रयाला गेले.

मग ‘खाल्डियन’ हे नाव त्यांच्याकडे आले कोठून? ते आले रोमहून. १४४५ साली सायप्रस बेटावरील या पंथाच्या काही लोकांनी आपल्या धर्मगुरूसह पोपचे अधिपत्य मान्य केले, तेव्हा पोप चौथा युजीन याने फर्मान काढले की, यापुढे यांना नेस्टोरियन म्हणू नये, हे खाल्डियन. युरोपातील पंडित बायबलमधील अरेमाइक भाषेला त्या काळी ‘खाल्डियन भाषा’ म्हणत, त्यावरून हे नाव सुचले असणार. पुढे १५५२ मध्ये पूर्वेच्या धर्मपीठातच फूट पडली. पॅट्रिआर्क, म्हणजे महाधर्मगुरू, हे पद काकाकडून पुतण्याकडे जाणारी मिरास होऊन बसले होते. त्याला कंटाळलेल्यांनी अल्कोशजवळच्या रब्बान होर्मिझ्द मठाचा प्रमुख योहन्नान सुलाका याला निवडले आणि रोमला धाडले. १५५३ मध्ये पोपने त्याला पॅट्रिआर्क म्हणून मान्यता दिली. १५५५ मध्ये, प्रतिस्पर्ध्यांच्या चिथावणीवरून, तुर्की अंमलातील एका पाशाच्या कैदेत त्याचा वध झाला.

यापुढचा इतिहास कोणत्याही मिराशीच्या तंट्यासारखाच गुंतागुंतीचा आहे, आणि त्यातील सर्व शाखा-उपशाखा सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. त्याचा शेवट मात्र सांगितलाच पाहिजे. सुलाकाच्या गादीवर पुढे आलेल्यांनी शतकभरात रोमशी संबंध तोडला. आणि ज्या अल्कोशच्या घराण्याविरुद्ध सुलाका उभा राहिला, त्याच घराण्यातील शेवटच्या पुरुषाला १८३० साली रोमने ‘बाबिलोनचा खाल्डियन पॅट्रिआर्क’ म्हणून मान्य केले. म्हणजे रोमकडे गेलेल्यांचे वारस आज ‘असीरियन’ म्हणवतात आणि रोमला विरोध करणाऱ्यांचे वारस ‘खाल्डियन’. नावावरून डोकी फोडणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट वाचली तरी पुरे आहे.

या फुटीचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन लागतो. मलबारच्या ख्रिस्ती समाजाला बिशप पुरवण्याचा अधिकार पूर्वेच्या या धर्मपीठाकडे होता. सुलाकाचा भाऊ मार जोसेफ त्या कामासाठी १५५५ मध्ये गोव्याला उतरला, तेव्हा पोर्तुगीजांनी त्याला पुढे जाऊ न देता वसईच्या फ्रान्सिस्कन मठात सुमारे दीड वर्ष अडकवून ठेवले. पोपने मान्य केलेल्या धर्मपीठाच्या माणसावरही पोर्तुगीजांचा विश्वास नव्हता, कारण प्रश्न श्रद्धेचा कमी आणि अधिकारक्षेत्राचा अधिक होता. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिश याने मलबारात उदयंपेरूर येथे धर्मपरिषद भरवून तेथील सिरियाक परंपरेवर लॅटिन शिस्त लादली आणि आक्षेपार्ह ठरवलेले ग्रंथ जाळवले. त्रिचूर येथे आजही ‘खाल्डियन सिरियन चर्च’ या नावाचे एक धर्मपीठ आहे. आणि गंमत अशी की, ते रोमच्या खाल्डियनांशी नव्हे, तर असीरियन धर्मपीठाशी संलग्न आहे.

तेव्हा आजचे खाल्डियन हे नबुखद्नेस्सरचे वंशज काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, ते सिद्ध करता येत नाही. प्राचीन खाल्डियन दक्षिणेचे, आजचे उत्तरेचे. मध्ये दोन सहस्र वर्षांची पोकळी आणि नाव परक्याने दिलेले. दुसऱ्या बाजूने, सेनाखेरीबाने उचलून नेलेल्या त्या लाखो माणसांपैकी काहींचे रक्त निनेवेच्या मैदानात मिसळलेच नसेल, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्यांच्या जीभेवर अरेमाइक आहे, आणि ते ज्या मातीत राहत आले ती मेसोपोटेमियाचीच आहे. ‘असीरियन’ या नावाचीही कथा फारशी वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकात निनेवेची उत्खनने झाल्यावर आणि इंग्रज मिशनऱ्यांनी ते उचलून धरल्यावर ते खरे प्रचारात आले. नावे दत्तक घेतलेली असली म्हणून ती खोटी ठरत नाहीत. दत्तक पुत्राचाही वारसाहक्क कायद्याने मानला जातो. पण तो हक्क सांगायला घर उरले पाहिजे, आणि आज वाद घालणाऱ्यांचे दुर्लक्ष नेमके तेथेच होत आहे.

१८५३ मध्ये निनेवेत असुरबनिपालचे ग्रंथालय उकरून काढणारा होर्मुझ्द रस्साम हा मोसुलच्या याच समाजात जन्मला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गिल्गमेशच्या काव्याच्या विटा त्याच्या कुदळीने वर आल्या. बाबिलोनमधून सायरसचा प्रसिद्ध लेखही त्याच्याच मोहिमेत निघाला. हे सारे ब्रिटिश संग्रहालयात गेले आणि श्रेय बहुतांशी इंग्रज विद्वानांच्या नावे जमा झाले. उतारवयात, विटांच्या चोरीत नातलगांशी संगनमत केल्याचा आळ त्याच्यावर संग्रहालयाच्याच एका अधिकाऱ्याने घेतला, तेव्हा त्याला लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावावा लागला. दावा तो जिंकला. पूर्वजांची दौलत परक्याच्या हाती देऊन वर चोरीचा आरोप सोसणे ही त्याची गत केवळ व्यक्तिगत नव्हती.

विसाव्या शतकाने या समाजाला एकामागून एक आघात दिले. १९१५ मध्ये तुर्की साम्राज्यात आर्मेनियनांची जी कत्तल झाली, तिच्यात खाल्डियन व असीरियन खेडीही सापडली. सीर्तचा आर्चबिशप आणि सिरियाक इतिहासाचा मोठा अभ्यासक अद्दाई शेर याला त्याच वर्षी ठार मारण्यात आले. मारेकऱ्यांनी खाल्डियन कोण आणि असीरियन कोण याची चौकशी केली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिणेला, जेथे त्यांचे पहिले धर्मपीठ होते त्या टेसिफॉनच्या भग्न कमानीपाशी, ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी तुर्कांशी लढत होत्या. त्यांतून वाचलेले पुढे कूतच्या वेढ्यात अडकले आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेले. युद्धानंतर ब्रिटिशांनी इराक नावाचे राज्य घडवले. त्यात १९३२ पर्यंत भारतीय रुपयाच चालत होता. रुपया जाऊन दिनार आला त्याच वर्षी इराक राष्ट्रसंघाचा स्वतंत्र सभासद झाला, आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३३ मध्ये, त्याच्या सैन्याने सिमेले येथे शेकडो असीरियनांची कत्तल केली. पळून आलेल्यांना अल्कोशच्या खाल्डियनांनी आसरा दिला.

सिमेलेचा धडा खाल्डियनांनी आपल्या परीने घेतला. राजकारणात डोके वर काढायचे नाही, भाषा घरात आणि चर्चमध्ये ठेवायची, बाहेर अरबी बोलायची आणि पोटापाण्याकडे लक्ष द्यायचे. उत्तरेत कुर्द बंडखोर आणि सरकार यांच्या लढाईत खेडी भरडली जाऊ लागली. १९६९ मध्ये सोरिया या खाल्डियन खेड्यात लष्कराने धर्मगुरूसह अनेक गावकऱ्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा हजारो कुटुंबे बगदादला आली. हॉटेले, खाणावळी आणि मद्यविक्री या व्यवसायांत त्यांनी जम बसवला; मद्याचा धंदा मुसलमानाला निषिद्ध असल्याने तो ख्रिस्त्यांच्या व यझिदींच्या वाट्याला येई. अल्पसंख्य समाज अशा रिकाम्या जागा हेरून जगतो, आणि नेमक्या त्याच जागेवर पुढे त्याला नेम धरून मारले जाते, हे अर्थकारणातील एक जुने दुःख आहे. बाथ पक्षाच्या राजवटीने १९७२ मध्ये ‘सिरियाक-भाषक नागरिकां’ना सांस्कृतिक हक्क दिल्याचा गाजावाजा केला आणि पाच वर्षांनी शिरगणतीत त्यांना अरब करून टाकले. टेलकैफजवळ जन्मलेला मिखाइल युहन्ना हा तारिक अझीझ या अरबी नावाने जगासमोर आला आणि सद्दाम हुसेनचा परराष्ट्रमंत्री झाला. त्या राजवटीत खाल्डियनाने किती वर चढावे आणि कोणती किंमत देऊन, याचे ते प्रमाणपत्रच होते.

दरम्यान टेलकैफची एक दुसरी पेठ हजारो मैलांवर वसत होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काही खाल्डियन अमेरिकेत डेट्रॉइटला पोहोचले होते. हेन्री फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली होती, तिची कीर्ती तोवर मध्यपूर्वेपर्यंत गेली होती. पण खाल्डियन कारखान्यात फार काळ रमले नाहीत. ते किराणा दुकानाकडे वळले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार रुंद झाले आणि १९६७ च्या दंगलीनंतर गोरे लोक व त्यांची मोठी दुकाने डेट्रॉइट सोडून उपनगरांत निघून गेली. मागे राहिलेल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत दुकान टाकायला जे तयार झाले, ते टेलकैफचे हे शेतकरी. भांडवल नात्यातून, कामगार घरातून, उधारी चुलत्याकडून आणि वेळ पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, असे ते गणित होते. त्यात दरोड्यात जीव गमावणारे दुकानदार जमेस धरावे लागत. गिऱ्हाइकांशी संबंधही नेहमी गोडीचे नव्हते. गरीब वस्तीत परका दुकानदार हा सावकारासारखाच डोळ्यांत खुपतो. तरी दोन पिढ्यांत हा समाज सुस्थितीत आला. १९८० मध्ये तेथील एका खाल्डियन चर्चला अडीच लाख डॉलरांची देणगी देणाऱ्या सद्दाम हुसेनला डेट्रॉइट शहराची किल्ली अर्पण करण्यात आली होती, हे आज आठवले की संबंधितांना अवघडल्यासारखे होते. डेट्रॉइटच्या परिसरात आज दीड लाखाहून अधिक खाल्डियन राहत असल्याचे त्यांच्या संस्था सांगतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोनजीक त्यांची दुसरी मोठी वस्ती आहे.

हा ओघ मूळ गावांना खिळखिळे करीत होताच. २००३ च्या अमेरिकी स्वारीने धरणच फुटले. १९८७ च्या गणतीत इराकमधील सर्व पंथांचे मिळून सुमारे चौदा लाख ख्रिस्ती होते, आणि त्यांत खाल्डियनांचा वाटा सर्वांत मोठा होता. आज सर्व मिळून अडीच लाखांच्या आत असल्याचे अंदाज आहेत. मद्याची दुकाने बाँबने उडाली. खंडणीसाठी माणसे पळवली गेली. २००७ मध्ये फादर रगीद गन्नी आणि २००८ मध्ये आर्चबिशप पौलोस फराज रह्हो यांचे मोसुलमध्ये बळी गेले. १० जून २०१४ रोजी मोसुल ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले. जुलैमध्ये ख्रिस्त्यांच्या घरांवर ‘नसरानी’ या शब्दाचे आद्याक्षर ‘नून’ रंगवण्यात आले आणि ‘ही मालमत्ता इस्लामिक स्टेटची’ असे खाली लिहिले गेले. धर्मांतर, जिझिया, देशत्याग किंवा तलवार असे चार पर्याय दिले गेले. लोक निघाले, तेव्हा नाक्यांवर बायकांच्या अंगावरचे दागिनेही काढून घेतले गेले. ऑगस्टच्या ६ व ७ तारखांना निनेवेचे मैदान एका रात्रीत रिकामे झाले आणि लाखाच्या वर माणसे एर्बिलजवळच्या अंकावात चर्चच्या अंगणात येऊन पडली.

अमेरिकेला गेलेल्यांनाही परकेपणा चुकला नाही. जून २०१७ मध्ये डेट्रॉइट परिसरात जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी काढून शंभराहून अधिक इराकींना हद्दपारीसाठी पकडण्यात आले. त्यांत बहुसंख्य खाल्डियन होते. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरांनी आदल्याच वर्षी ट्रम्प यांना मते दिली होती. ग्रीसमध्ये जन्मलेला, अर्भकपणी अमेरिकेत आलेला, अरबी न येणारा आणि इराक कधीही न पाहिलेला एक मधुमेही माणूस २०१९ मध्ये बगदादला सोडून देण्यात आला. काही आठवड्यांत तो मरण पावला. कागदावर तो इराकी होता.

या सगळ्या काळात खाल्डियन आणि असीरियन यांच्यातील नावाचा वाद थांबलेला नाही. २००४ च्या हंगामी कायद्यात दोहोंची मोट बांधून ‘खाल्डो-असीरियन’ असा जोडशब्द घातला, तो कोणालाच रुचला नाही. अमेरिकेच्या २००० सालच्या गणतीत दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारली गेली, तर त्या रेघेवरूनही रणे माजली. इराकच्या लोकसभेत ख्रिस्त्यांसाठी पाच जागा राखीव आहेत. २०२१ च्या निवडणुकीत त्यांतील चार ‘बाबिलोन’ हे भारदस्त नाव धारण करणाऱ्या आणि शिया सशस्त्र गटांशी संधान असलेल्या पक्षाने जिंकल्या. ही मते मुख्यतः बिगर-ख्रिस्ती मतदारांची, अशी धर्मपीठाची तक्रार आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी पॅट्रिआर्क लुई राफाएल साको यांच्या नेमणुकीला मान्यता देणारा २०१३ चा हुकूम मागे घेतला. हुकूम दिसायला कागदी होता, पण चर्चच्या मालमत्तेवर सही कोणाची चालणार, हा त्यातला खरा मुद्दा होता. साको बगदाद सोडून एर्बिलला गेले. एप्रिल २०२४ मध्ये परतले आणि जूनमध्ये पंतप्रधानांनी त्यांचा अधिकार पुन्हा मान्य केला. परदेशी गेलेल्या ख्रिस्त्यांची घरे बनावट खरेदीखतांनी बळकावण्याचा उद्योग बगदादमध्ये आणि मोसुलमध्ये इतका बोकाळला होता की, जानेवारी २०२१ मध्ये शिया नेते मुक्तदा अस्-सद्र यांना ती परत मिळवून देण्यासाठी समिती जाहीर करावी लागली. आपण बाबिलोनचे की निनेवेचे, यावर जेवढी शाई खाल्डियन आणि असीरियन पुढाऱ्यांनी खर्च केली, तिच्या दशांशाने जरी गावोगावची खरेदीखते, सातबारासारखे उतारे आणि वारसनोंदी एकत्र करून ठेवल्या असत्या, तर कोर्टात उभे राहायला काही आधार मिळाला असता. पूर्वजांबद्दलचा दावा कोणत्याही न्यायालयात चालत नाही, जमिनीचा चालतो.

टेलकैफ जानेवारी २०१७ मध्ये मुक्त झाले. एकेकाळी जवळजवळ संपूर्ण खाल्डियन असलेल्या त्या गावी मूळची थोडीच कुटुंबे परतली. घरांत आता बहुतांशी अरब राहतात. अल्कोश मात्र इस्लामिक स्टेटच्या हाती पडले नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ते ओस पडले होते, तेव्हाही काही पुरुष पहारा देत मागे राहिले आणि थोड्याच आठवड्यांत घरे पुन्हा उघडली. सुलाकाचा मठ त्या गावाच्या डोंगरात आहे. गल्लीत सुरेथ ऐकू येते, शेते मूळ मालकांच्या नावावर आहेत, आणि मुले शाळा संपल्यावर कामधंद्यासाठी कोठे जाणार, एर्बिलला की थेट डेट्रॉइटला, याची चर्चा घराघरांत चालू आहे.